जर्मनची भांडी उजळताना

घाटकोपरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : "आमचा कुकर आतून काळा पडला आहे. कितीही घासला तरी पूर्वीसारखा पांढरा होत नाही. सासूबाई म्हणतात, हे काळे पोटात गेले तर विषबाधा होते. शेजारच्या बाई म्हणतात, सोडा टाकून उकळ, लख्ख होईल. काय करावे?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो घराघरातला आहे. दसरा-दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरचे मोठे टोप, मोदकपात्र, इडलीपात्र, दुधाची किटली, सगळे खाली येते. त्यातले बरेचसे ॲल्युमिनियमचे असते. आपल्या आज्यांच्या भाषेत सांगायचे तर 'जर्मनचे'. मग कोणी तारेच्या घासणीने हात दुखेपर्यंत घासते, कोणी राख लावते, कोणी मोरीत टाकायची पावडर वापरून पाहते. बोरिवलीच्या एका गृहस्थांनी असाच उद्योग केला. काळ्या टोपात नळ मोकळा करण्याची पावडर टाकून त्यावर गरम पाणी ओतले. क्षणात फसफसून वाफ वर आली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. ते माझ्याकडे पट्टी बांधून घेण्यास आले, तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, मी तर फक्त भांडे उजळत होतो!"

म्हणून आज भांडी उजळण्याविषयी. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या भांड्यात रोजचे अन्न शिजते, ते कशाने घासले जाते याचा संबंध आपल्या हातांशी, डोळ्यांशी आणि पोटाशी आहे.

भांडे काळे का पडते?

ॲल्युमिनियम हा मोठा चपळ धातू आहे. हवा लागताक्षणी त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूशी संयोग होऊन एक पातळ पारदर्शक थर तयार होतो. हा थर मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतकाच असतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमचा थर मात्र धातूला घट्ट चिकटून राहतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. हे त्याचे चिलखत समजा.

या चिलखताचे दोन शत्रू आहेत. एक आंबट, म्हणजे आम्ल. दुसरा सोड्यासारखा खारा पदार्थ, म्हणजे अल्कली. दोन्हींत हा थर विरघळतो. मात्र दोघांत फरक आहे. लिंबू किंवा चिंच यांसारखे सौम्य आम्ल थोडा वेळ लावले, तर वरचा काळपट थर तेवढा निघतो. सोडा, राख, कॉस्टिक यांनी मात्र थर निघतोच, शिवाय खालचा धातूही खाल्ला जातो आणि भांडे आणखी काळे-करडे होते. शेजारच्या बाईंचा सल्ला म्हणूनच उलटा आहे. सोड्याने ॲल्युमिनियम उजळत नाही, काळवंडते.

कुकरच्या तळातले पाणी वारंवार उकळते. पाण्यात विरघळलेले क्षार आणि त्याचा किंचित अल्कली गुण यांचा त्या थरावर परिणाम होऊन त्याचा रंग राखाडी ते काळा होतो. आपल्याकडे मुलुंड, भांडुप, घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत महापालिकेचे पाणी येते ते भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी यांसारख्या तलावांचे आणि ते फारसे जड नसते. पण अनेक सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते आणि त्यात क्षार जास्त असतात. त्यामुळे एकाच कंपनीचा कुकर एका इमारतीत वर्षभर पांढरा राहतो आणि शेजारच्या इमारतीत महिन्याभरात काळा पडतो. यात कुकरचा दोष नसतो, गृहिणीच्या घासण्याचाही नसतो.

हे काळे पोटात गेले तर?

सासूबाईंनी काळजी करू नये. हा काळेपणा म्हणजे त्याच संरक्षक थराचे बदललेले रूप आहे. ते विष नव्हे. उलट थर असलेले जुने भांडे हे नुकत्याच तारेने खरवडलेल्या चकचकीत भांड्यापेक्षा अन्नात कमी धातू सोडते. म्हणूनच नवे भांडे आणल्यावर त्यात एकदोनदा साधे पाणी उकळून ओतून द्यावे. थर बसतो. लख्ख म्हणजे निर्धोक, ही आपली समजूत या धातूच्या बाबतीत खरी नाही.

आता दुसरी भीती : ॲल्युमिनियमने स्मृतिभ्रंश होतो काय? १९७० च्या दशकात अल्झायमर रोग झालेल्या काही रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम आढळले आणि तेव्हापासून ही चर्चा सुरू झाली. त्यानंतर बरेच संशोधन झाले, पण स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे हा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. आपण जे ॲल्युमिनियम गिळतो, त्यातला शंभरातला एक भागही रक्तात जात नाही. जो जातो, तो निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

'निरोगी मूत्रपिंडे' या शब्दांकडे लक्ष द्यावे. त्याच १९७० च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांना बोलण्यात अडखळणे, झटके, बुद्धिभ्रम असा त्रास होऊ लागला. डायलिसिसच्या पाण्यात आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या काही औषधांत ॲल्युमिनियम असल्याचे लक्षात आले. ते अडवल्यावर हा आजार दुर्मिळ झाला. तेव्हा ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत, त्यांच्या घरी आंबट पदार्थ तरी स्टीलच्या भांड्यातच करावेत. ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधेही त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. अशा औषधाच्या एका मात्रेत जेवढे ॲल्युमिनियम असते, तेवढे भांड्यातून कित्येक दिवसांत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली मर्यादा घातली ती अशी : शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाला आठवड्यास १०० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली त्याच्या निम्मी मर्यादा धरली. भांड्यांतून साधारणपणे रोज एकदोन मिलिग्रॅमच्या घरात भर पडते. मात्र आंबट-खारट पदार्थ तासन् तास ठेवले, तर हा आकडा वाढतो. चिंचेचा कोळ, टोमॅटोचे सार, कढी, सोलकढी, लोणचे हे पदार्थ ॲल्युमिनियममध्ये रात्रभर ठेवू नयेत. शिजवून लगेच दुसऱ्या भांड्यात काढावेत. भात, दूध, चहा, साधे वरण यांना हरकत नाही.

उजळायचे कसे?

रोजच्या घासण्यास मऊ घासणी किंवा नारळाचा काथ्या आणि सौम्य साबण पुरे. भांडे तापलेले असताना थंड पाणी ओतू नये, तळ वाकतो. अन्न चिकटले असेल तर गरम पाणी घालून अर्धा तास भिजवावे आणि लाकडी उलथन्याने हलकेच सोडवावे. सुरीने खरवडू नये.

आतला काळेपणा घालवण्यास पुढील कृती करावी.

१. भांड्यात काळ्या रेषेच्या वर येईल इतके पाणी घ्यावे.

२. दर लिटर पाण्यास दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालावे. नसल्यास लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ अथवा पाचसहा आमसुले चालतील. लिंबू पिळून उरलेल्या साली घातल्या तरी काम होते.

३. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळावे. कुकर असेल तर झाकण न लावता उघडाच उकळावा. शिटी, झडप आणि रबरी गॅस्केट यात टाकू नये.

४. पाणी निवल्यावर ओतून द्यावे. त्यात धातूचा अंश उतरलेला असतो, म्हणून ते पिण्यास, स्वयंपाकास वापरू नये.

५. मऊ घासणीने चोळून, साबणाने धुऊन, दोनदा स्वच्छ पाण्याने विसळावे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावे.

पहिल्याच खेपेस भांडे नव्यासारखे होईल अशी अपेक्षा नको. खूप जुना काळेपणा असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. एकाच दिवशी तासभर उकळत ठेवणे चुकीचे आहे. त्याने भांडे झिजते, फायदा काही नाही.

बाहेरच्या बाजूचे किटण वेगळे. ते तेलाचे, धुराचे असते. त्यासाठी भांडे गरम साबणपाण्यात भिजवावे. मग खडूची बारीक पूड पाण्यात कालवून मऊ फडक्यावर घ्यावी आणि एकाच दिशेने घासावी. गोल गोल घासल्यास चरे उठून दिसतात. बाजारातले धातूचे पॉलिश वापरायचेच असेल तर फक्त बाहेरून वापरावे, अन्नाला लागणाऱ्या भागास कदापि नाही. लावल्यानंतर साबणाने नीट धुवावे.

लिंबावर मीठ लावून चोळण्याची पद्धत पितळेसाठी ठीक आहे. ॲल्युमिनियमवर मीठ राहून गेले तर बारीक खड्डे पडतात. वर्सोवा, मार्वेसारख्या समुद्राजवळच्या वस्तीत खाऱ्या दमट हवेनेही असे पांढरे ठिपके येतात. पावसाळ्यात तर हे सर्वत्रच होते. म्हणून पुसून कोरडी ठेवणे हा या भांड्यांचा निम्मा उपचार आहे. तांब्या-पितळेच्या भांड्याला चिकटून ओले ॲल्युमिनियम ठेवले, तरी ते लवकर खराब होते.

पुन्हा काळे पडू नये म्हणून कुकरच्या तळाच्या पाण्यात रोज लिंबाची एक फोड किंवा चिंचेचा छोटा तुकडा टाकावा. हे आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत आणि त्यामागचे शास्त्र आता तुमच्या ध्यानात आले असेल. पाण्याचा अल्कली गुण आंबटाने मारला जातो, इतकेच.

हे मात्र करू नका

धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा, राख, नळ मोकळा करण्याची पावडर, संडास धुण्याचे ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच यांपैकी काहीही ॲल्युमिनियमच्या भांड्यास लावू नये. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, की तीव्र उष्णता निर्माण होते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हा वायू ज्वालाग्राही आहे. बोरिवलीच्या त्या गृहस्थांचा हात याच कारणाने भाजला. शेजारी गॅस पेटलेला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी. नळाच्या काही पावडरींत कॉस्टिकबरोबर ॲल्युमिनियमचे तुकडे मुद्दाम मिसळलेले असतात, ते याच उष्णतेसाठी!

ॲसिड आणि ब्लीच एकत्र मिसळणे तर आणखी घातक. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. असले काही अंगावर उडाले तर आधी भरपूर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास पापणी उघडी धरून पाणी मारत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. लोणी, हळद, टूथपेस्ट लावत बसू नये.

'हार्ड अनोडाइज्ड' म्हणून जी गडद करड्या रंगाची भांडी मिळतात, ती उजळण्यासाठी नसतातच. त्यांवर विजेच्या साहाय्याने तोच संरक्षक थर पुष्कळ जाड केलेला असतो. त्यांस तार, सोडा लावल्यास तो थर जातो. काळे आहे म्हणून घासून पांढरे करणे म्हणजे पैसे देऊन घेतलेले चिलखत फेकून देणे होय.

खरी चिंता कशाची?

काळेपणाहून अधिक काळजी करावी अशी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे शिसे. भंगारातले इंजिनाचे भाग, रेडिएटर असे काहीही वितळवून स्वस्त भांडी ओतली जातात, तेव्हा त्यात शिशासारखे जड धातू येऊ शकतात. जगातल्या अनेक देशांत अशा भांड्यांची तपासणी करणाऱ्या संशोधकांना शिसे आढळले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या विक्रेत्यांना आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जनतेला आयात भांड्यांबद्दल इशारा दिला. त्यात पितळ, ॲल्युमिनियम आणि हिंडालियम, इंडालियम अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूंचा उल्लेख होता. याचा अर्थ हिंडालियमचे प्रत्येक भांडे दोषी, असा मुळीच नाही. चांगल्या कारखान्यातले आणि भंगारातले भांडे वरून सारखेच चकचकीत दिसते, अडचण तिथेच आहे.

शिसे लहान मुलांच्या मेंदूस इजा करते आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसे धातूतच मिसळलेले असल्यामुळे कितीही घासले तरी ते निघून जात नाही. म्हणून भांडे घेतानाच चौकशी करावी. बिननावाचे, वजनाला जड पण ओबडधोबड, कडेला बुडबुड्यांचे छिद्र असलेले ओतीव भांडे स्वयंपाकासाठी घेऊ नये. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस १६६०. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने भांड्यांच्या गुणवत्तेविषयी आदेशही काढला. तेव्हा दुकानदाराकडे आयएसआयची खूण मागण्यास संकोच करू नये. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

घरातले जुने भांडे कधी टाकावे? तळाला खोल खड्डे पडले असतील, धातू इतका पातळ झाला असेल की तळ दाबल्यावर लवतो, अथवा आतून पापुद्रे सुटून अन्नात येत असतील, तर ते भंगारात द्यावे. कुकर तर अशा स्थितीत मुळीच वापरू नये, कारण त्याला दाब सोसायचा असतो. केवळ काळे पडले एवढ्यासाठी मात्र टाकू नये.

थोडक्यात

घाटकोपरच्या भगिनींनी कुकर टाकू नये. लिंबू-पाण्याने उकळून घ्यावा, पुसून कोरडा ठेवावा आणि रोज तळाशी लिंबाची फोड टाकावी. थोडा काळेपणा राहिला तर राहू द्यावा. सासूबाईंना सांगावे, की त्यात विष नाही. कढी आणि सार स्टीलच्या पातेल्यात काढून ठेवण्याची त्यांची सवय मात्र अगदी योग्य आहे, तीही सांगावी.

एक आठवण जाता जाता. १८८६ पूर्वी ॲल्युमिनियम शुद्ध करणे इतके अवघड होते, की ते मौल्यवान धातूंत मोडत असे. त्या वर्षी विजेच्या साहाय्याने ते वेगळे करण्याची रीत सापडली. पुढे त्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्यास सुरुवात केली आणि हळूहळू हा धातू गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचला. तांब्या-पितळेला लागते तशी कल्हई याला लागत नाही, वजनाला हलका, लवकर तापतो. आपल्या चाळींतल्या संसारांना त्याने मोठाच आधार दिला. त्याला हवे ते एवढेच : थोडे आंबट, मऊ हात आणि कोरडे फडके. चकाकी ही डोळ्यांची हौस आहे. भांडे स्वच्छ असले, धातू चांगला असला आणि आत ठेवलेला पदार्थ त्याला मानवणारा असला, की आरोग्याला तेवढे पुरते.